ताकदीची गोळी

एक आगपेटी. आत काडी एकही नाही. बाभळीचा काटा आहे, अर्ध्या बोटाएवढा, टोकाला काळा पडलेला.

पिवळ्या झाकणाची प्लास्टिकची डबी. वर चिकटवलेल्या कागदावर नाव, वय आणि 'वेळ सकाळी ६.४०'. आत काय आहे ते बसमध्ये शेजारच्याला सांगायचं नसतं.

एक करवतकाठी साडी. मोरपंखी अंग, लाल काठ. पदरापासून हातभर आत, उजव्या काठाचे सहा दात मोडलेले. ती आज कुणाच्या तरी कपाटात असेल. नेसणारीला वाटत असेल, हातमाग म्हटला की असंच असायचं.

दहा गोळ्यांची चंदेरी पट्टी. दोन उरल्यात.

एक बाई मोजते आहे. एक, दोन. एक, दोन. तिसरा आकडा येतच नाही.

*

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाल्या.

मी मिटले. पाय जोडून उभा होतो, हात सरळ खाली.

"मी धरलेलं आहे. घाबरू नका."

"मी कशाला पडतो जी," असं म्हणालो आणि पडलो. म्हणजे त्यांनी धरलं म्हणून पुरता पडलो नाही. डोळे उघडले तर माझं डोकं त्यांच्या खांद्यावर, आणि पलंगाच्या पायथ्याशी बसलेली भागरथाकाकी पदराने तोंड झाकून हसते आहे.

"घरी बी असाच पडते बाई," काकी म्हणाली. "तोंडाले साबण लावला का गेला. मोरीतली बादली दोनदा फोडली यानं."

"एकदाच," मी म्हणालो.

"दुसऱ्यांदा चीर गेली. ते फोडणंच झालं."

डॉक्टरांनी मला बसवलं आणि खिशातून एक लोखंडी चिमटा काढला. तो हातावर आपटून माझ्या घोट्याच्या हाडावर टेकवला. "कळतंय?"

"हो. वाजून राहिलं."

"ऐकू नका. पायाला कळतंय का, थरथर?"

मी कानांवर हात ठेवले. मग काहीच नव्हतं. चिमटा तिथे होता हे दिसत होतं, तेवढंच. त्यांनी तो गुडघ्यावर टेकवला, तेव्हा कुठे मुंग्यांची रांग गेल्यासारखं झालं.

"कधीपासून?"

"दोन महिने झाले असतील," मी म्हणालो.

काकीचं हसणं थांबलं. ती उठून खिडकीत वाळत घातलेला टॉवेल उलटा करायला गेली. ते मी पाहिलं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

*

मी विणकर. आंधळगावचा, कोष्ट्याच्या घरचा. आमच्याकडे कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतकाठी साडी होते. तिच्या काठाला करवतीसारखे दात असतात आणि ते दात अंगाच्या रंगात अडकवत न्यावे लागतात. त्यासाठी आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे पळणारे तीन धोटे चालतात, एक अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. एकट्याने होत नाही ते. मी मधे बसायचो आणि काकी माझ्या उजव्या हाताला, त्याच फळीवर. उजव्या काठाचा धोटा तिचा.

माग खड्ड्याचा. विणणाऱ्याचे पाय जमिनीखालच्या खड्ड्यात असतात, तिथल्या दोन पावड्यांवर. डावी दाबली की अर्धा ताणा, म्हणजे उभे धागे, वर, उजवी दाबली की उरलेला. हात दिसतात, कापड दिसतं. पाय दिसत नाहीत. पायांनी पायांचं काम करायचं, बाकीच्यांनी त्यात पाहायचं नाही. एक पाय चुकला की आडव्या धाग्याच्या दोन तारा एकाच फटीत जातात आणि काठाचा दात मोडतो.

हे सांगतोय ते अकरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतलं. तेव्हा मी सदतीस वर्षांचा होतो. त्याच्या दीड वर्ष आधी माझं मोठं आतडं सुजलं होतं. दिवसातून चौदा वेळा जावं लागायचं, त्यात रक्त. नागपूरला नळी घालून तपासलं, आतून व्रण निघाले. हा आजार मुळापासून जात नाही, पण आवरता येतो असं सांगितलं. सकाळ-संध्याकाळ घ्यायची एक मोठी करडी गोळी दिली, ती कायमची. तिच्यासोबत झिंकची एक छोटी पांढरी गोळी, दोन महिन्यांसाठी. जुलाबातून झिंक वाहून जातं, ते भरून काढायला.

आतड्याची सूज मोजायची एक तपासणी असते, त्या पिवळ्या झाकणाच्या डबीतली. पहिल्यांदा आकडा आला बाराशे चाळीस. अडीच महिन्यांनी आला शहाण्णव. बायको, वनिता, तो कागद घेऊन गल्लीभर फिरली. कसला आकडा आहे ते कुणाला सांगितलं नाही, नुसतं "बाराशेचा शंभरावर आला" म्हणत होती. लोकांनी पेढे मागितले.

मला वाटलं, हे त्या छोट्या गोळीचं काम. करडी गोळी घशाखाली जायची आणि तिचं पुढे काही कळायचं नाही. पांढरीची मात्र जिभेवर पितळी चव राहायची. तोंडातले फोड गेले, बोटांवरच्या चिरा भरल्या. काहीतरी लागू होतंय असं वाटायचं.

दोन महिने संपले. वनिताचा भाऊ प्रफुल तुमसरला औषधाच्या दुकानात कामाला होता. त्याने त्या पांढऱ्या गोळीच्या पट्ट्या आणायला सुरुवात केली. "भाऊजी, ही ताकदीची आहे, हिचं काही वाईट होत नाही." संक्रांतीला पोट पुन्हा थोडं बिघडलं, तेव्हा तो म्हणाला, "एकीनं का होते? तीन घ्या." पट्टी बदलली होती, गोळीही थोडी मोठी होती. मी तीन घ्यायला लागलो. पोट ताळ्यावर राहिलं. कशाने राहिलं ते आजही कुणी सांगू शकत नाही. मी मात्र तेव्हा छातीठोक सांगायचो.

*

त्या फेब्रुवारीत तोंड धुताना पडणं वाढलं, जिना चढताना दम लागायला लागला, म्हणून पुन्हा नागपूर. रक्त साडेसहा निघालं. पांढऱ्या पेशीही निम्म्याच्या खाली.

"संडासातून रक्त जातंय?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"एक थेंब नाही जी."

डबी पुन्हा दिली. आकडा आला चौऱ्याऐंशी. आतडं शांत होतं. मग रक्त जातंय कुठे? मोठे डॉक्टर चष्मा काढून कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "जात नसेल. बनतच नसेल."

दुसऱ्या दिवशी कमरेच्या हाडात सुई घालून, रक्त जिथे बनतं तो आतला मगज काढला. शेजारच्या पलंगावर मौद्याचे एक धान्यवाले होते, पाठीत कळ आली म्हणून दाखल झालेले. ते उत्साहाने म्हणाले, "ही सुई मी ओळखतो. आमच्या साडूले केली होती. ब्लड कॅन्सर होता त्याले."

"आता कसे आहेत तुमचे साडू?" काकीने विचारलं.

ते वाचत असलेलं वर्तमानपत्र पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले.

वनिता गावी होती, पोरगी तीन वर्षांची. म्हणून माझ्यासोबत काकी आलेली. भागरथाकाकी माझ्या सख्ख्या काकांची बायको. काका जाऊन वीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. धोटा फेकायला मला तिनेच शिकवलं. आईने जन्म दिला आणि हिने शिव्या, असं मी गमतीने म्हणायचो. ती म्हणायची, "दोन्ही लागते."

अलीकडे तिच्यात एक खोड आली होती. मागावर बसली की पुटपुटायची. एक, दोन. एक, दोन. दिवसभर. मला वाटलं, वय झालं.

"काकी, पाढे पाठ करून राहिली का?"

"लहानपणी कोणी शाळेत धाडलं? आता म्हणतो."

"मग पुढं तरी जा. तीन म्हण."

"दोनच येते मले."

दिवाळीनंतर एकदा मी चिडलो. पाय जड, डोकं जड, आणि कानाशी ते अखंड एक-दोन. "बंद कर ना वो! डोक्यात घण पडून राहिले." ती गप्प बसली. त्या दिवशी हातभर कापडात सहा दात मोडले. रागाच्या भरात काम केलं म्हणून मोडले, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मोजायला लागली आणि मी ते चालू दिलं.

*

चिमटा लावणाऱ्या डॉक्टर म्हणजे गजभिये मॅडम. शिकाऊच होत्या अजून, सत्तावीस-अठ्ठावीसच्या. सतत शिंकायच्या. ड्युटीवर ड्युटी, डोळ्यांखाली काळं. त्यांनी मला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं होतं, "औषधं कोणकोणती चालू आहेत?"

तिन्ही वेळा मी म्हणालो, "एकच जी. आतड्याची, करडी."

"अजून काही? आयुर्वेदिक, काढा, पुडी?"

"काहीच नाही."

आणि मी खोटं बोलत नव्हतो. आमच्याकडे औषध म्हणजे जे आजारासाठी घेतात ते. ताकदीची गोळी औषधात धरत नाहीत. ती जेवणासारखी. दूध घेता का असं कुणी विचारलं असतं तर कदाचित तिची आठवण झाली असती.

काकीलाही तसंच. रोज तिन्ही वेळेला डबा उघडला की ती पट्टीतून गोळी काढून माझ्या हातावर ठेवायची. परिचारिकेसमोर, सगळ्यांसमोर. कुणापासून लपवायचं तिच्या मनातही नव्हतं.

मगजाचा अहवाल शुक्रवारी आला. मोठे डॉक्टर राउंडला आले, मागे सगळा ताफा. त्यांनी मला सरळ सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. "मगज बिघडलेला दिसतोय. याला अजून कॅन्सर म्हणत नाही, पण तो त्याच रस्त्यावर असतो. सोमवारी तुम्हाला त्या विभागात पाठवतो. तिथलं औषध कडक असतं. आतडं ते किती सोसेल, बघावं लागेल."

"आणि पाय?" मी विचारलं.

"त्याचं वेगळं पाहू."

"मागावर बसता येईल का जी?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ताफा पुढच्या पलंगाकडे गेला. हात ठेवण्याचा अर्थ मला कळला.

गजभिये मॅडम मागे राहिल्या होत्या, फाइलमध्ये काहीतरी लिहीत. लिहिता लिहिता तीनदा शिंकल्या. काकी उठली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच.

"बाई, तुमी जेवल्या का?"

"हो मावशी. म्हणजे, जेवेन."

"चेहरा पाहा कसा झाला. घरी कोणी सांगत नाही का?" काकीने पिशवीतून चंदेरी पट्टी काढली. दोनच गोळ्या उरल्या होत्या. "हे घ्या. ताकदीची आहे. लय चांगली. याचं पोट हिच्यावरच उभं राहिलं. दोन्ही ठेवा, आमचा प्रफुल आणखी आणून देते."

मॅडम हसल्या. नको म्हणायला त्यांनी हात पुढे केला आणि पट्टी हातात आली. उलटी करून त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली. मग पुन्हा वाचली. शिंक यायची होती, ती अर्ध्यात राहिली.

"ही कोण घेतं?"

"हाच ना."

"रोज?"

"तीन टाइम. जेवल्यावर. खाली पोटी घेतली का मळमळते त्याले."

"किती दिवसांपासून?"

"पोटाचं झालं तवापासून," मी म्हणालो. "तीन-तीन मागच्या वर्षीच्या संक्रांतीपासून. पण मॅडम, ते औषध नाही. ताकदीची—"

"एका गोळीत पन्नास मिलिग्रॅम," त्या हळू म्हणाल्या, माझ्याशी नाही. "दीडशे. रोजचे. तेरा महिने." मग माझ्याकडे पाहिलं. "माणसाला दिवसाला दहा-पंधरा पुरतं, दादा."

त्या पळतच गेल्या. पट्टी घेऊन. काकी माझ्याकडे वळली, "मी काही चुकीचं दिलं का?"

"मले का माहीत!"

धान्यवाले वर्तमानपत्राआडून म्हणाले, "ताकदीची गोळी बाई माणसाले वेगळी राहते."

*

अर्ध्या तासाने मोठे डॉक्टर परत आले. या वेळी ताफा नव्हता, फक्त मॅडम. मगजाचा कागद त्यांच्या हातात होता आणि त्यावर एका ओळीखाली पेनाची रेघ.

"पेशींमध्ये बुडबुड्यांसारख्या पोकळ्या आहेत सर," मॅडम म्हणत होत्या. "तांबं कमी पडलं तरी अशा दिसतात. आणि झिंक एवढं गेलं तर आतडं तांब्याला आत घेतच नाही. रक्त, पांढऱ्या पेशी, पाय, सगळं एकाच गोष्टीने उलगडतं."

"उलगडतं," मोठे डॉक्टर म्हणाले. "पण पायाचं पाहा ना. तांब्याचं असेल तर हळूहळू वर चढायला पाहिजे. हे म्हणतात, दोन महिने. दोन महिन्यांत गुडघ्यापर्यंत आणि डोळे मिटले की पडणं? मग कारण दुसरं असू शकतं, मणक्यावर दाब असेल, काही असेल. तांब्याची तपासणी बाहेर जाते, आठ दिवस लागतात. नुसत्या अंदाजावर आठ दिवस थांबायचं का? याच्या पेशी पाहा किती आहेत."

मला दोनच महिने माहीत होते.

"दोन महिने नाही जी," काकी म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, कांडी भरावी तसं.

"पोळ्यापासून. तान्हा पोळा झाला, हा पोरीचा लाकडी नंदी घेऊन अनवाणी गावभर फिरला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तवा नुसती बोटं होती आणि टाच. दसऱ्याले घोटा गेला. दिवाळीच्या पुढं पिंडरी."

"तुम्हाला कसं माहीत मावशी?" मॅडमनी विचारलं. "त्यांना स्वतःला माहीत नाही."

"मी मोजून राहिली होती ना."

"काय मोजत होता?"

"याचे पाय."

मला वाटतं, मला तेव्हाही लगेच कळलं नाही. काकी डॉक्टरांनाच सांगत होती. "एक म्हटलं का डावी पावडी, दोन म्हटलं का उजवी. यानं ऐकलं का नाही ते याले बी माहीत नाही, पण पाय ऐके. मी म्हणली नाही त्या दिवशी सहा दात मोडले. पहिले मी नुसतं काठाचा दात आला का म्हणो. दसऱ्यापासून प्रत्येक तारेले म्हणा लागे. दिवाळीपासून मोठ्यानं."

वॉर्डात कुठेतरी स्टीलचं भांडं पडलं. मोठ्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.

"म्हणजे सहा महिने," ते म्हणाले. "बोटांपासून वर. पायरीपायरीने."

"आणि डोस वाढवल्यावर सात-आठ महिन्यांनी सुरू," मॅडम म्हणाल्या.

"गोळी आत्तापासून बंद," ते मला म्हणाले. "तांब्याचा नमुना आज जाऊ दे. सोमवारचं पाठवणं थांबवा. अहवाल येईपर्यंत तो कागद बाजूला." मग काकीकडे वळून, "बाई, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?"

"कोणी मले विचारलंच नाही," काकी म्हणाली. हे खरं होतं. पण पूर्ण खरं नव्हतं.

*

ते गेल्यावर मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हो."

"सहा महिने?"

"हो म्हटलं ना."

"मले काहून नाही सांगितलं?"

खाली चहाची गाडी आली होती, तिची घंटा वाजून गेली.

"सांगितलं असतं तर तू पायाकडं पाह्यला लागला असता," काकी म्हणाली. "पाय पाहून माग चालते का? तुझ्या काकाचे हात थरथरायला लागले, तवा मी सांगितलं. चांगल्या मनानं सांगितलं. म्हटलं, तुमचा हात हालून राहिला जी. दुसऱ्या दिवशी मागावर बसले, हाताकडं पाहत राहिले, धोटा फेकलाच नाही. तिसऱ्या दिवशी बसलेच नाही. मग कधीच नाही." तिने नाक पुसलं. "म्हटलं, याचे पाय मी चालवतो तवर चालवतो. पोरगी लहान आहे."

"मी तुले चूप बस म्हटलं होतं."

"म्हटलं होतं."

"डोक्यात घण पडते म्हटलं होतं."

"हो, ते बी म्हटलं होतं. आता रडू नको, तो पेपरवाला पाहून राहिला."

धान्यवाल्यांनी घाईने पान उलटलं.

मग काकी हळू म्हणाली, "पण चुकलं माझं. आधी सांगितलं असतं तर आधी सापडलं असतं."

हे मॅडमच्या कानावर गेलं. त्या सलाइन पाहायला आल्या होत्या. "मावशी," त्या म्हणाल्या, "तारीख फक्त तुमच्याकडे होती. आमची सगळी यंत्रं आज काय आहे तेवढंच सांगतात."

"आणि ती गोळी?" काकीने विचारलं. "तुमी खाल्ली नाही ना?"

"नाही."

"बरं झालं. मी तर दोन्ही देऊन राहिली होती."

*

तांब्याचा अहवाल नवव्या दिवशी आला. जवळजवळ नव्हतंच. मोठे डॉक्टर स्वतः सांगायला आले, आणि त्यांनी मॅडमना सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमचं बरोबर होतं." मग तांब्याच्या बाटल्या चढवल्या, पुढे पोटातून. होळीपर्यंत पांढऱ्या पेशी पूर्ववत. रक्त मेमध्ये साडेबारा.

सुट्टी देताना मी मॅडमना विचारलं, "म्हणजे झिंक वाईट?"

"नाही हो. तुमच्यासारख्या आजारात ते खरंच कमी पडतं, तेव्हा द्यावं लागतं. तुम्हाला दोन महिने दिलं ते बरोबरच होतं. आणि सूज असली की रक्तातलं झिंक तसंही खाली दिसतं, सूज उतरली की आपोआप वर येतं. म्हणून मोजून द्यायचं आणि वेळेवर थांबवायचं."

"सूज मग कशाने उतरली? तिनं का करडीनं?"

"करडीने जास्त, असं मला वाटतं. पांढरीने थोडी मदत केली असेल. खात्रीने नाही सांगू शकत." नाही सांगू शकत, असं म्हणणारा माणूस मला तिथे दुसरा भेटला नाही. मला ते आवडलं.

प्रफुल घ्यायला आला होता. दारातच उभा राहिला, आत येईना. त्याला वनिताने फोनवर सगळं सांगितलेलं. "भाऊजी," एवढंच म्हणाला. मी त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि त्याच्याच खांद्यावर रेलून जिना उतरलो. वर्षभर तुमसरहून न चुकता पट्टी आणून देणारा माणूस होता तो. राग कशाचा करायचा?

*

वैशाखात पुन्हा मागावर बसलो. पाय पूर्ण परत आले नाहीत. उजव्या पायाची तीन बोटं अजूनही माझी नाहीत, ती दुसऱ्या कुणाची तरी मी वापरतो असं वाटतं. पण टाच आली, घोटा आला. पावडी कळायला लागली.

काकी शेजारी बसली. धोटा हातात घेतला आणि, "एक..."

"नको काकी. आता कळते मले."

ती थांबली. आम्ही विणायला लागलो. वीतभर झालं. एकही दात मोडला नाही. मागाचा आवाज तेवढा येत होता, त्यात काहीतरी कमी होतं.

"मोज ना," मी म्हणालो.

"काहून? कळते ना तुले?"

"कळते. पण तू चूप बसली का झोप येते."

"सांगा आता," काकी म्हणाली. "कधी घण पडते, कधी झोप येते." आणि मोजायला लागली. एक, दोन. एक, दोन.

ती आता एकाहत्तरची आहे. माग मी आणि वनिता चालवतो. काकी दारात खुर्चीवर बसते आणि मोजत असते. आता ते कुणाच्याच पायाशी जुळत नाही, कधी ती दोन म्हणते तेव्हा डावी पावडी खाली असते. वनिता त्याने चुकत नाही. मीही नाही. आम्ही तिला थांबवत नाही.

हॉस्पिटलातून येताना बसमध्ये मी तिला विचारलं होतं, "पण तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच कसं कळलं तुले? त्या दिवशी तर एकही दात मोडला नव्हता." ती म्हणाली, "कळलं." त्यानंतरही दोन-तीनदा विचारलं. कळलं, एवढंच. मागच्या वर्षी कांड्यांचा डबा वनिताच्या हवाली करताना तिने तळातून एक आगपेटी काढून मला दिली. तेव्हा सांगितलं.

त्या दिवशी काकीची कांडी खड्ड्यात पडली, ती उचलायला ती खाली वाकली, माझ्या उजव्या टाचेत बाभळीचा काटा मुळापर्यंत रुतलेला तिला दिसला, तिने तो उपसून काढला, पदराने रक्त पुसलं, आणि तेवढ्या वेळात मी वर तुटलेली तार सांधत तिला विचारत होतो, की कांडी सापडली का.